खिळ्यांच्या छापखान्यावरचा १४ महिन्यांचा प्रकल्प: ४,२०० फ्रेममधून पुस्तकाची डमी (नमुना प्रत) कशी काढावी?

शाईचं_बोट (प्रश्न)

विषय: बंद पडत चाललेला, खिळे (शिशाची सुटी अक्षरं) जुळवून छपाई करणारा एक छापखाना. मालक, दोन जुळारी (खिळे जुळवणारे), एक मशीनमन आणि बांधणीचं काम करणाऱ्या दोघी. १४ महिने, आठवड्यातून साधारण एकदा जाऊन काढलेले फोटो. ३५ आणि ५० मिमी लेन्स, २४ मेगापिक्सेल, सगळं रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइली). एकूण ४,२०० फ्रेम. खिळ्यांच्या केस (कप्प्यांचे ट्रे) एकेक करून भंगारात चालल्या आहेत, त्यामुळे काम अजून तीन-चार महिने चालेल.

सॉफ्टवेअरमध्ये पसंतीचे तारे देत देत ३१० फोटोंवर आलो आणि अडकलो. तारखेनुसार लावले तर रटाळ होतं, विषयानुसार लावले (हात, यंत्र, चेहरे) तर सूचीपत्र वाटतं. ६४ पानांचं पुस्तक डोक्यात आहे. नेमके प्रश्न असे:

निवड आणि क्रम कसा करावा? आत जुन्या ट्यूब आणि दारातून ऊन, त्यामुळे प्रत्येक फोटोचा रंग वेगळा आहे. सगळं कृष्णधवल करून टाकावं का? माणसांच्या संमतीचं काय करावं? तोंडी होकार सगळ्यांचा आहे, पण एका जुळाऱ्याच्या मुलाला फोटो इंटरनेटवर नको आहेत. आणि डमी बनवताना कागद, घडी, पानांची संख्या यात काय चुकतं?

पानोपानी

तुमचा खरा अडथळा स्क्रीन आहे. ३१० फोटो स्क्रीनवर एका वेळी एकच दिसतात, आणि एकटा पाहिलेला फोटो नेहमी स्वतःच्या बाजूनेच बोलतो. निवड ही शेजाऱ्यांमधली गोष्ट आहे.

आधी स्क्रीनवर फक्त एक फेरी करा. पूर्ण आकारात पाहायचं नाही. लघुचित्रं काडेपेटीएवढी ठेवायची. त्या आकारात फोकस, कातडीचा पोत, लेन्सची करामत काहीच दिसत नाही, फक्त रचना आणि हावभाव उरतात. तिथे न टिकणारा फोटो बाजूला करा, पण पुसू नका. या फेरीत १५० च्या आसपास या. एका बैठकीत दोन तासांपेक्षा जास्त बसू नका, कारण शेवटच्या अर्ध्या तासात माणूस सगळंच ठेवतो किंवा सगळंच काढतो. मग आठ-दहा दिवस फोल्डर उघडायचं नाही.

मग ते १५० फोटो ४ × ६ इंचांत छापून घ्या. साध्या लॅबचे प्रिंट चालतील, रंग थोडा इकडेतिकडे असला तरी हरकत नाही. मागे मऊ पेन्सिलने फाइल क्रमांक लिहा. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि मार्करची शाई चळतीतल्या खालच्या फोटोवर उतरते. जमिनीवर किंवा मोठ्या टेबलावर सगळे एकदम पसरा आणि दोन दिवस तसेच राहू द्या.

आता ढीग करा, पण विषयानुसार नाही. फोटो काय करतो त्यानुसार. जागा उभी करणारे वेगळे, माणसाची ओळख करून देणारे वेगळे, काम कसं चालतं ते सांगणारे वेगळे, आणि ज्यांत फारसं काही घडत नाही, फक्त श्वास घ्यायला जागा मिळते, ते वेगळे. शेवटचा ढीग नवशिक्यांच्या निवडीत जवळजवळ रिकामा असतो, कारण तारे देताना असे फोटो मागे पडतात. म्हणून एकदा मूळ ४,२०० मध्ये परत जा आणि फक्त असे शांत फोटो शोधून २०-२५ काढा. रिकामी खुर्ची, खिडकीत वाळत घातलेलं फडकं, भिंतीवरचा शाईचा हात. क्रम याच फोटोंवर उभा राहतो.

छापखान्यावर काम केलं की एक गोष्ट हमखास होते: १५० पैकी चाळीसेक फोटो हातांचे निघतात. स्टिकमध्ये (जुळाऱ्याच्या हातातल्या पट्टीत) खिळे लावणारे हात, रुळाला शाई देणारे हात, घडी घालणारे हात. त्यातले चारच ठेवा. दोन फोटो एकच गोष्ट सांगत असतील तर 'चांगला' ठेवू नका, शेजारच्या फोटोशी ज्याचं जुळतं तो ठेवा. निवडीतला सर्वांत अवघड नियम हाच, कारण त्यापायी कधीकधी आवडता फोटो जातो.

प्रमाणाचा अंदाज यावा म्हणून सांगतो. छायाचित्रकार रॉबर्ट फ्रँक यांच्या 'द अमेरिकन्स' या पुस्तकात ८३ फोटो आहेत. त्यामागे ७६७ रोल, म्हणजे सुमारे २७,००० फ्रेम, आणि मधल्या टप्प्यावर हजाराच्या आसपास कामचलाऊ प्रिंट होते. तीनशे-सव्वातीनशे फ्रेममागे एक. तुम्ही ४,२०० मधून ४० काढलेत तरी शंभराला एक पडतो. तेव्हा निवड जमत नाही याचा अर्थ अनेकदा एवढाच असतो की काही फोटो अजून काढलेलेच नाहीत.

म्हणून टेबलावर फोटो पसरलेले असतानाच नसलेल्यांची यादी करा. ॲलेक सॉथ 'स्लीपिंग बाय द मिसिसिपी' करताना काय शोधायचं त्याची यादी गाडीच्या स्टीअरिंगला चिकटवून फिरत असत. यादीमुळे नजर बांधली जात नाही. उलट, नेहमीच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायची सवय मोडते. तुमच्या वर्णनावरून माझा अंदाज: छापखाना बाहेरून, रस्त्याच्या पलीकडून, जेवणाची सुट्टी, मालक छापखान्याबाहेर, छापलेला माल बाहेर पडतानाचा, आणि केस भंगारात नेतानाचा हातगाडीचा किंवा टेंपोचा क्षण. यातले किती आहेत ते पाहा. शेवटचा नसेल तर पुढच्या तीन महिन्यांत तोच सर्वांत महत्त्वाचा.

क्रमाबद्दल. सुरुवात जोड्यांपासून करा, पहिल्या पानापासून नाही. दोन-दोन फोटो समोरासमोर ठेवून पाहा: नजरेची दिशा, उजेड कुठून येतो, रंगाचा एखादा तुकडा, माणूस किती मोठा दिसतो. उजवीकडे पाहणारा माणूस वाचकाला पान उलटायला लावतो, डावीकडे पाहणारा थांबवतो. हे ठरवून वापरता येतं. आकाराच्या यमकापासून जपा. यंत्राचं गोल चाक आणि समोर गोल थाळी ही जोडी पहिल्यांदा छान वाटते, तिसऱ्यांदा वाचकाला छायाचित्रकाराची हुशारीच दिसू लागते आणि माणसं मागे पडतात. सर्वांत बळकट फोटोला समोर कोरं पान द्या, आणि तो पहिला ठेवू नका.

तारखेचा क्रम रटाळ होतो याचं कारण ती तारीख फक्त तुमच्या कॅलेंडरमध्ये आहे, फोटोत दिसत नाही. काळ हाच विषय असेल आणि तो डोळ्यांना दिसत असेल, तर कालक्रमासारखं साधन नाही. निकोलस निक्सन यांनी १९७५ पासून चार बहिणींचा दर वर्षी एक फोटो काढला, उभं राहण्याचा क्रम कायम तोच. रिनेके डाइकस्ट्रा यांनी बोस्नियाहून आलेल्या अल्मेरिसा या मुलीला १९९४ ते २००८ पर्यंत दर एक-दोन वर्षांनी खुर्चीवर बसवून टिपलं. इथे दोन फोटोंमधलं अंतर हीच गोष्ट आहे. तुमच्याकडे तशी एक वस्तू आहे: रिकाम्या होत जाणाऱ्या केस. एकाच कोपऱ्याचे, एकाच उंचीवरून काढलेले चार-पाच फोटो निवडा आणि ते पुस्तकभर पेरा. मधले फोटो मग कुठल्याही तारखेचे चालतील. असे फोटो नसतील तर आजपासून जमिनीवर टेपची खूण करून तिथूनच काढत जा.

पुनरुक्तीची भीती मात्र बाळगू नका. सोहराब हुरा यांच्या २०१९ च्या 'द कोस्ट'मध्ये एकच छोटी गोष्ट थोडीथोडी बदलत बारा वेळा येते, आणि फोटोही शेजारी बदलून परत येतात. तोच फोटो दुसऱ्या शेजाऱ्याबरोबर दुसरा अर्थ देतो, हे टेबलावर स्वतः करून पाहिल्याशिवाय पटत नाही.

मंद_प्रकाश

रंगाबद्दल. आधी पुढच्या तीन महिन्यांपुरतं. साध्या चोकची ट्यूब ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं तर प्रत्येक फ्रेममध्ये पूर्ण आवर्तनं येतात आणि रंग स्थिर राहतो. १/२५० ला गेलात की कुठली फ्रेम पिवळट, कुठली हिरवट, कुठली काळोखी. इलेक्ट्रॉनिक शटरवर तर आडवे पट्टे पडतात. आवाज नको म्हणून मूक शटर वापरलं असेल तर तेच कारण समजा. पट्टे पडलेले फोटो दुरुस्त करण्यात वेळ घालवू नका. फिकट पट्टा उजळला की सावलीतला गोंगाट (दाणेदारपणा) वर येतो.

व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाप्रमाणे कॅमेरा करतो ते समायोजन) ऑटोवर असेल तर तो आधी बंद करा. ऑटो प्रत्येक फ्रेममध्ये नव्याने ठरवतो: निळा शर्ट समोर आला की भिंत पिवळी होते. केल्व्हिनमध्ये (उजेडाच्या रंगाचं माप) एक आकडा बांधा आणि प्रत्येक भेटीत पहिली फ्रेम करड्या कार्डाची घ्या, ट्यूबखाली एक आणि दाराशी एक.

काढलेल्या रॉ फाइलींसाठी पद्धत: सगळे फोटो 'बरोबर' करायला जाऊ नका. ट्यूबचा हिरवा झाक पूर्ण धुतला की दारातलं ऊन जांभळट होतं, आणि ते सुधारायला प्रत्येक फोटोत मास्क करावा लागतो. त्याऐवजी आतल्या फोटोंसाठी एकच किंमत ठरवा. टिंटचा सरकता काटा मॅजेंटाकडे १५ ते २५ न्या, हिरवेपणा कमी होईल पण पूर्ण जाणार नाही, आणि तो थोडा राहिलेलाच बरा, कारण ती खोली तशीच होती. मग निवडीतले वीस फोटो शेजारीशेजारी लावा आणि फक्त माणसांच्या कातडीकडे पाहा. कातडी वीसही फोटोंत एका घरातली वाटली पाहिजे. भिंती थोड्या इकडेतिकडे झाल्या तरी चालतं.

कृष्णधवल हा रंग बिघडल्यावरचा उपाय म्हणून वापरू नका. मिश्र उजेड फक्त रंगातच गोंधळ करतो असं नाही. कृष्णधवलमध्ये तोच गोंधळ चेहऱ्यावर डागासारखा उतरतो, कारण हिरव्या आणि निळ्या भागांची करडी छटा वेगवेगळी होते. शिवाय छापखान्यात शिसं करडं, लोखंड काळं, भिंत करडी. रंग काढला की उरतं काय? जाहिरातींच्या कागदांचे गुलाबी-पिवळे गठ्ठे, शाईचे डबे, बांधणीवाल्या बायकांच्या साड्या, सगळं एका सुरात जातं.

एक साधी गोष्ट जी जवळजवळ प्रत्येकाची चुकते: मॉनिटर फार उजळ असतो. कारखान्यातून येतो तसा ठेवून फोटो सुधारले तर छापून आल्यावर काळेकुट्ट दिसतात, आणि दोष छपाईला दिला जातो. कॅलिब्रेटर (स्क्रीनचा उजेड आणि रंग मोजणारं उपकरण) लावून उजळपणा १०० कँडेलाच्या आसपास आणा (८० ते १२० पर्यंत ठीक) आणि खोलीत समोरून उजेड येऊ देऊ नका.

खिडकीजवळ

मंद_प्रकाश यांच्या कृष्णधवलबद्दलच्या मताशी पूर्ण सहमत नाही. करड्यावर करडं हे कारण धरलं तर लाटोया रूबी फ्रेझर यांचं 'द नोशन ऑफ फॅमिली' झालंच नसतं. पोलादाच्या गावातलं आजी, आई आणि स्वतः अशा तीन पिढ्यांचं ते काम कृष्णधवल आहे आणि कुठेही सपाट होत नाही. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांवर केलेलं कामही कृष्णधवल. तिथे रंग असता तर नजर कचऱ्याच्या रंगीबेरंगीपणाकडे गेली असती; कृष्णधवलमध्ये ती माणसाच्या शरीराकडे आणि कष्टाकडे जाते. शाईच्या डब्यांचे रंग वाचकाला आवडतील, पण तुम्हाला त्याने जुळाऱ्याच्या डोळ्यांकडे पाहायला हवं असेल, तर रंग आड येऊ शकतो.

वाद घालण्यापेक्षा चाचणी करा. तेच वीस फोटो रंगात आणि तेच कृष्णधवल, दोन्ही संच त्याच क्रमाने मांडा. कृष्णधवलमध्ये ज्या जोड्या तुटतात त्या रंगावर उभ्या होत्या. सहापेक्षा जास्त तुटल्या तर प्रकल्प रंगाचा आहे. आणि जे काही ठरेल ते सगळ्या पुस्तकाला लागू. काही रंगीत काही कृष्णधवल हे बहुतेक वेळा न घेतलेला निर्णय असतो.

आता संमती, कारण माझ्या मते तुमच्या यादीतला सर्वांत जड प्रश्न तो आहे. 'तोंडी होकार' हा फोटो काढण्याला दिलेला होकार असतो. पुस्तक, प्रदर्शन, वेबसाइट, समाजमाध्यमं, वर्तमानपत्र या पाच वेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रत्येकीसाठी वेगळा चौकोन हवा. एका पानाचा कागद करा, त्यांच्या भाषेत, मोठ्या अक्षरात. वाचून दाखवा, दोन प्रती करा, एक त्यांच्याकडे ठेवा. त्यात माघारीची तारीख लिहा: अमुक तारखेपर्यंत कुठलाही फोटो काढून टाकायला सांगता येईल, त्यानंतर पुस्तक छपाईला जाईल. ही तारीख नसेल तर एकतर तुम्ही अधांतरी राहता किंवा ते.

जुळाऱ्याच्या मुलाबद्दल: जुळारी सज्ञान आहेत, निर्णय त्यांचा. पण इंटरनेटवर गेलेला फोटो परत आणता येत नाही आणि त्याचा परिणाम घरावर होतो, तेव्हा मुलाचं म्हणणं बाजूला सारू नका. दोघांसमोर बसा, मुद्रित पुस्तकाला हो आणि वेबला नाही असं ठरत असेल तर तेच लिहा. मग ते फाइलमध्येच नोंदवा: फोटोच्या फाइलमध्येच साठणाऱ्या आयपीटीसी माहितीत सूचनांचा रकाना असतो, तिथे 'वेबवर वापरू नये' लिहा आणि वेगळा रंगलेबल द्या. दोन वर्षांनी एखाद्या स्पर्धेला घाईत फोटो पाठवताना कागद कपाटात असतो, फाइल हातात असते. तिथेच चूक होते. वेबसाठी फाइल काढताना जीपीएसची माहिती पुसली जाते ना, तेही तपासा.

छापखान्यात अजून एक सापळा आहे. लग्नपत्रिकांची प्रुफं, पावतीपुस्तकं, ऑर्डरची वही: सगळ्यावर परक्या लोकांची नावं, पत्ते, फोन नंबर. २४ मेगापिक्सेलमध्ये टेबलाच्या टोकाला पडलेला कागदही वाचता येतो. अंतिम निवडीतला प्रत्येक फोटो १०० टक्के मोठा करून कोपरा न् कोपरा पाहा.

कागदी संमतीच्या पुढेही एक पायरी आहे: त्या माणसांना फोटोवर बोलू देणं. बीके डेपोर्टर २०११ पासून इजिप्तमध्ये अनोळखी घरांत रात्री राहून फोटो काढत होत्या. २०१७ मध्ये पुस्तकाची डमीच घेऊन त्या परत गेल्या आणि लोकांना फोटोंवरच लिहायला सांगितलं. लोकांनी एकमेकांशी वाद घातले, तेही छापलं गेलं. जिम गोल्डबर्ग यांनी १९७७ ते १९८५ दरम्यान श्रीमंत आणि गरीब घरांतल्या माणसांकडून त्यांच्याच प्रिंटवर लिहून घेतलं. कॅरोलिन ड्रेक यांनी उइघुर लोकांच्या हाती प्रिंट, कात्री आणि डिंक दिला. गौरी गिल यांचं २०१५ पासूनचं 'ॲक्ट्स ऑफ अपिअरन्स' तर जव्हारच्या मुखवटे घडवणाऱ्या कारागिरांबरोबर मिळूनच झालं. मुखवटे त्यांचे, चेहऱ्यावर चढवून रोजच्या जागी उभं राहणारे ते. तिथे घडवलेला प्रसंग उघडपणे घडवलेला आहे. तुमच्या कामात जुळाऱ्याला 'तेच पुन्हा करा' म्हणून काढलेले फोटो असतील तर ते आपसूक घडल्यासारखे दाखवू नका. एकतर काढा, नाहीतर तसं लिहा.

करायचं कसं? पाच × सात इंचांची प्रतिमा, भोवती दीड इंच पांढरी कड, मॅट कागद. चकचकीत कागदावर शाई फासते आणि पेन्सिल उठत नाही. पिगमेंट शाईचं पेन द्या, प्रत्येक फोटोच्या दोन प्रती न्या, म्हणजे लिहिताना चुकलं तरी माणूस घाबरत नाही. 'आवडला का?' विचारू नका, त्याला एकच उत्तर येतं. 'इथे काय चाललंय?' विचारा. जुळारी असतील तर ते खिळ्याच्या आकारापासून सुरू करतील आणि तुमच्या चार फोटोओळींना पुरेल एवढं सांगतील. अक्षर ६०० पीपीआयला (इंचाला ६०० पिक्सेल) रंगीत स्कॅन करा आणि शुद्धलेखन सुधारू नका. लिहिता न येणाऱ्यांसाठी ध्वनिमुद्रण: २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, माइक तोंडापासून वीतभर, आवाजाची सर्वोच्च पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास, यंत्र बंद असताना. यंत्राचा आवाज वेगळा पाच मिनिटं घ्या. तो परत मिळणार नाही.

शाईचं_बोट

खूप उपयोग झाला. १४२ प्रिंट काढले आहेत. केसच्या कोपऱ्याचे एकाच जागेवरचे सात फोटो सापडले, भंगाराच्या दिवसाचा एकही नाही. एक शंका: ऑर्डरची वही, जुनी बिलं, नमुना-अक्षरांचा तक्ता हे स्कॅन करून पुस्तकात घ्यावं का, की फोटोंचा जोर कमी होईल? आणि ६४ पानांत ४६ फोटो बसतील का?

दोरा_आणि_घडी

४६ बसतील, पण गुदमरतील. हिशोब करू. ६४ पानं म्हणजे १६ पानी चार फर्मे (एक मोठा कागद छापून, घड्या घालून होणारा पानांचा संच). शीर्षकाची पानं, मजकूर, छपाईची माहिती, सुरुवातीची-शेवटची कोरी पानं यांत १० ते १२ जातात. उरली ५२, म्हणजे समोरासमोरच्या २६ जोड्या. त्यातल्या निम्म्या जोड्यांत एकच फोटो आणि समोर कोरं पान ठेवलं तर ३९ फोटो होतात. याहून जास्त हवे असतील तर ८० पानांवर जा. मधला आकडा पकडून छपाईत पैसे वाया जातात, कारण फर्मा अर्धा छापला तरी यंत्र, प्लेट आणि मजुरी जवळपास तेवढीच लागते.

पहिली डमी संगणकावर करू नका. ए४ कागद मधोमध दुमडून ए५ ची वही करा, साध्या ८० ग्रॅमच्या कागदाची, मध्ये दोन टाके. फोटो आगपेटीच्या दुप्पट आकारात कृष्णधवल छापून, पुन्हा उचलता येईल अशा गोंदकांडीने चिकटवा. अशा तीन डमी होईपर्यंत लेआउटच्या सॉफ्टवेअरला हात लावू नका. सॉफ्टवेअरमध्ये सगळं लगेच नीटनेटकं दिसतं आणि नीटनेटकं दिसलं की माणूस बदलायचं थांबवतो.

डमी तीन अशा लोकांना द्या ज्यांना छापखाना माहीत नाही. तुम्ही बोलायचं नाही, खुलासा करायचा नाही. फक्त पाहा: कुठे पान मागे उलटतात, कुठे दोन पानं एकदम उलटतात, कुठे नजर फोटोओळ शोधत खाली जाते. मागे उलटलं तर तिथे दोन फोटोंमध्ये काहीतरी जुळलं आहे. दोन पानं एकदम गेली तर तिथे मागचंच पुन्हा आलं आहे. मत विचारलंत तर लोक छान म्हणतात, बोटं मात्र खरं सांगतात.

कागदपत्रांबद्दल: घ्या, पण फोटोंचं ओझं वाहायला नाही. लॅरी सल्टन यांच्या १९९२ च्या 'पिक्चर्स फ्रॉम होम'मध्ये घरगुती फिल्ममधल्या चौकटी आणि आई-वडिलांशी झालेली बोलणी फोटोंच्या बरोबरीने आहेत, आणि वडील तिथे मुलाच्या फोटोंवर हरकत घेतात. ते कागद आणि शब्द फोटोला उलट प्रश्न विचारतात, म्हणून टिकतात. नुसतं जुनं म्हणून जुनं बिल घातलं तर ते सजावट होतं. तुमच्या वहीत शेवटच्या वर्षाची पानं रिकामी होत गेली असतील तर ती दोन-तीन पानं घ्या, तेवढी पुरे. परक्यांची नावं झाका, वर सांगितलंच आहे. पूर्ण आकारात, सावलीसकट, कागदाच्या कडा दिसतील असं स्कॅन करा. पार्श्वभूमी कापली की वस्तू क्लिपार्ट होते.

घडी आणि बांधणी. पिनांच्या बांधणीत ६४ पानं म्हणजे १६ कागद एकात एक. १२० ग्रॅमच्या कागदाची जाडी साधारण ०.१५ मिमी, म्हणून आतली पानं दोन-अडीच मिलिमीटर बाहेर सरकतात आणि कापल्यावर त्यांची बाहेरची कड तेवढी कमी होते. कडेला नेमकी पांढरी चौकट ठेवली असेल तर मधल्या पानांवर ती बारीक झालेली दिसते. नुसत्या गोंदाच्या बांधणीत पाठीकडचे आठ-दहा मिलिमीटर दिसतच नाहीत. दोन पानांवर पसरलेल्या फोटोत चेहरा मध्यावर आला तर नाक गेलं. दोऱ्याची शिवण सर्वांत सपाट उघडते. दोन पानी फोटो घ्यायचाच असेल तर मध्यावर काही न घडणारी जागा यावी, आणि शक्यतो तो फर्म्याच्या बरोबर मधल्या पानांवर ठेवा, तिथे कागद सलग असतो. कागदाचा धागा (तंतूंची दिशा) पाठीला समांतर हवा. आडवा असेल तर पानं ताठ उभी राहतात आणि दमट हवेत लाटा पडतात. ओळखायचं कसं? कागदाचा चौकोन दोन्ही दिशांनी वाकवून पाहा, ज्या दिशेने सहज वाकतो ती घडी धाग्याला समांतर.

कागद. छापखान्यावरचं पुस्तक म्हणून खरखरीत, अनकोटेड (लेप नसलेल्या) कागदाचा मोह होणार. घ्या, पण तुमच्या फोटोंत काळी यंत्रं आणि अंधारे कोपरे आहेत आणि तो कागद शाई पितो. ठिपका पसरतो, ८५ टक्क्यांहून गडद छटा सगळ्या एकच काळ्या होतात, आणि ते काळंही करडट दिसतं. म्हणून सावल्या आधीच उघडा. स्क्रीनवर थोडं फिकं वाटेल तिथे थांबा. छपाईवाल्याकडून त्या कागदाची प्रोफाइल (रंग कसे उतरतील ते सांगणारी फाइल) मागा, सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शायांत) रूपांतर सगळ्यात शेवटी करा, आणि चारही शाया मिळून एकूण शाईची मर्यादा विचारून घ्या. अनकोटेडवर ती साधारण ३०० टक्क्यांच्या आत असते. सर्वांत काळे चार आणि सर्वांत उजळ दोन फोटो त्याच कागदावर, त्याच यंत्रावर छापून पाहिल्याशिवाय होकार देऊ नका. कृष्णधवल ठरलं तर काळ्यासोबत एक करडी शाई घेऊन दोन रंगांत छापा. नुसत्या काळ्या शाईत मधल्या छटा पातळ पडतात. रिझोल्यूशनची काळजी नको: ६००० × ४००० पिक्सेल म्हणजे ३०० पीपीआयला जवळजवळ ५१ × ३४ सेंटिमीटर.

पुस्तकाचा आकार आणि रूपही विषयातून येऊ शकतं. दयानिता सिंग यांचं २००८ चं 'सेंट अ लेटर' म्हणजे एका पेटीत सात घडीच्या छोट्या वह्या, उघडून उभ्या केल्या की तेच प्रदर्शन. तुम्ही लगेच खिळ्यांच्या केससारखी पेटी करायला धावू नका, ती कल्पना बहुतेकांना पहिल्याच दिवशी सुचते. त्यापेक्षा साधं आणि खरं काम समोर आहे: पुस्तकातला मजकूर, निदान शीर्षकाचं पान आणि माणसांची नावं, त्याच जुळाऱ्यांकडून त्याच खिळ्यांत जुळवून त्याच यंत्रावर छापून घ्या. योग्य मजुरी देऊन. यासाठी क्रम उलटा करावा लागेल: फोटोंची निवड पूर्ण व्हायच्या आधी मजकूर ठरवा, दोनशे शब्दांच्या आत, कारण जोडाक्षरांचे खिळे आधीच कमी झाले असतील. जुळाऱ्याला मजकूर दाखवून कुठली अक्षरं पुरणार नाहीत ते विचारा आणि त्यानुसार शब्द बदला. चांगल्या कागदावर पन्नास प्रुफं काढून ठेवा, पूर्ण वाळू द्या, मग स्कॅन करा किंवा ती पानंच पुस्तकात शिवा. कुठली केस कोणत्या आठवड्यात जाणार आहे, ते मालकांना आजच विचारा. मजकुराच्या टायपाची केस शेवटी द्यायला ते कदाचित तयार होतील.

शाईचं_बोट

विचारलं. मजकुराच्या टायपाची केस दिवाळीनंतर जाईल. ळ आणि क्ष कमी आहेत, तेवढे शब्द बदलतो. भंगाराच्या दिवसासाठी आदल्या संध्याकाळी कळवायचं मालकांनी कबूल केलं आहे. जमिनीवर टेपची खूण केली.

मंद_प्रकाश

भंगाराच्या दिवशी दार पूर्ण उघडं असेल, म्हणजे दाराशी आणि आत चार-पाच स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) फरक. आतल्या माणसासाठी मोजाल तर बाहेरचा टेंपो पांढरा होऊन जाईल. बाहेरच्या उजेडासाठी मोजून त्याहून एक स्टॉप जास्त ठेवून काढा, आतल्या सावल्या रॉमधून उचलता येतील, जळालेलं पांढरं परत येत नाही. दुसरी बॅटरी आणि रिकामं कार्ड आदल्या रात्रीच पिशवीत ठेवा. केस उचलून गाडीत चढायला दहा मिनिटंही लागत नाहीत.